काचेबाहेरचे आई-बाप

आमच्या मुलीच्या आयुष्यातले पहिले एकोणीस दिवस आम्ही काचेतून पाहिले. २०२३ च्या जुलै महिन्यात, गर्भाच्या एकतिसाव्या आठवड्यात ती जन्मली तेव्हा तिचे वजन होते एक किलो तीनशे चाळीस ग्रॅम. आमच्या शाळेतल्या तिसरीच्या मुलाचे दप्तरही याच्या दुप्पट भरते. नर्सबाईंनी तिला कपड्यात गुंडाळून आत नेले, दार लागले, आणि दारावरची पाटी आम्ही पहिल्यांदा वाचली. भेटीची वेळ सकाळी अकरा ते अकरा दहा, संध्याकाळी पाच ते पाच दहा. एका वेळी एकच नातेवाईक. बाळाला हात लावू नये.

‘नातेवाईक’ या शब्दापाशी आम्ही अडखळलो. जिच्या पोटात ते मूल कालपर्यंत वाढत होते ती आईही नातेवाईक आणि गावाहून डबा घेऊन आलेली चुलत खालाही नातेवाईक! दोघींना मिळून दहा मिनिटे.

आज आमची मुलगी घरभर पळते, खडूने भिंती रंगवते. ज्या डॉक्टरांनी तिला श्वास घ्यायला लावला त्यांचे ऋण आम्ही नाकारत नाही. तेव्हा हे लिखाण कुणाची हळहळ मिळवण्यासाठी नाही. आम्हाला भांडायचे आहे. आमचे एक भांडण दवाखान्याच्या दाराशी आहे आणि दुसरे आपल्याच घराच्या उंबऱ्याशी आहे. अपुऱ्या दिवसांच्या मुलाजवळ त्याचे आई-बाप असणे हा लाड नव्हे, तो उपचाराचा भाग आहे, हे आमचे म्हणणे. दवाखाना जंतूंचे नाव सांगून त्यांना बाहेर ठेवतो आणि आपला समाज धर्माचे नाव सांगून. दोघांची कारणे तपासून पाहिली पाहिजेत.

प्रथम दवाखान्याचे कारण घेऊ. जंतुसंसर्गाची भीती खोटी नाही. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या मुलाची कातडी पातळ असते, अंगात प्रतिकारशक्ती नसते, एक साधा जंतू त्याला घेऊन जाऊ शकतो. पण त्यावरचा इलाज काय? अंगठ्या, बांगड्या काढून कोपरापर्यंत साबणाने हात धुणे, स्वच्छ गाऊन घालणे, सर्दी-ताप असेल तर आत न जाणे. नर्सबाई हेच करून आत जातात. दिवसातून दहा मुलांना हात लावणारी नर्स हात धुऊन स्वच्छ होते आणि एकाच मुलाला हात लावणारी त्याची आई हात धुऊनही अस्वच्छच राहते, हे कोणते शास्त्र?

शास्त्र तर उलटेच सांगते. १९७८ साली दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात, बोगोटा शहरात, डॉ. एडगर रे सानाब्रिया यांच्या रुग्णालयात काचेच्या पेट्या कमी आणि मुले जास्त अशी अवस्था होती. एका पेटीत दोन-दोन मुले ठेवावी लागत, जंतुसंसर्ग पसरे, आणि आईपासून दूर राहिलेली काही मुले टाकूनही दिली जात. या डॉक्टरांनी मूल आईच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून बांधले. आईच्या अंगाची ऊब हीच पेटी झाली. कांगारूच्या पिशवीवरून तिला कांगारू पद्धत म्हणतात. म्हणजे गरिबांच्या दवाखान्यात पेट्या नव्हत्या म्हणून ही पद्धत जन्मली. पुढे कळले की पेट्या असल्या तरी ती हवीच.

याचा पुरावा दूर शोधायला नको. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांत एक मोठा अभ्यास झाला. भारतातले केंद्र होते दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय. एक किलो ते एक किलो आठशे ग्रॅमच्या आतली तीन हजारांहून अधिक मुले त्यात होती. अर्ध्या मुलांना जन्मल्याबरोबर आईच्या छातीवर ठेवले, त्यासाठी अतिदक्षता विभागातच आईची खाट टाकली. उरलेल्या मुलांना प्रचलित रीतीप्रमाणे आधी पेटीत, प्रकृती स्थिरावल्यावर आईजवळ. पहिल्या अठ्ठावीस दिवसांत दुसऱ्या गटातली शंभरातली १५.७ मुले दगावली, पहिल्या गटातली १२. जंतुसंसर्गाची शंका आलेली मुलेही आईजवळच्या गटातच कमी निघाली. फायदा इतका स्पष्ट दिसला की अभ्यास मुदतीआधीच थांबवावा लागला. २०२१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले की अशा मुलांना जन्मल्यापासूनच आणि दिवसाचे किमान आठ तास कातडीला कातडी लावून ठेवावे, आणि कुटुंबाला मुलाच्या शुश्रूषेत सामील करून घ्यावे.

ही शिफारस येऊन आठ महिने झाले होते तेव्हा आमची मुलगी जन्मली. तिचे वजन त्या अभ्यासातल्या मुलांइतकेच होते. तिला मिळाली दिवसाची वीस मिनिटे, तीही हात न लावता.

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. बी.एड.ला बालमानसशास्त्राचा पेपर दिला तेव्हा स्पर्शाचे महत्त्व, आई आणि मूल यांचा बंध, यावर पानेच्या पाने लिहून गुण मिळवले. दर पालकसभेला आम्ही तक्रार करतो की पालक शाळेत येत नाहीत, मुलाला शाळेच्या हवाली केले की आपले काम संपले असे समजतात. इथे पालक दारात उभे होते आणि संस्थाच त्यांना सांगत होती, मूल आमच्या हवाली करा आणि बाहेर बसा. असे पालक घडवायचे आणि सहा वर्षांनी शाळेने त्यांना बेजबाबदार म्हणायचे!

यात आमचीही एक चूक आहे, ती लपवणे बरे नाही. बाळंतपण कठीण आहे हे कळताच आम्ही खासगी दवाखाना गाठला. सरकारी दवाखान्याचे नाव काढताच घरातल्या सर्वांनी नाक मुरडले होते. खासगीत दिवसाला साडेसहा हजार रुपये भरले, दागिने मोडले, शिक्षक पतसंस्थेचे कर्ज काढले. पुढे कळले की २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधे, तपासण्या आणि गाडी हे सारे मोफत असते. इतकेच नव्हे, केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०१७ मध्ये नवजात शिशू विभागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यानुसार आई-वडिलांना हात धुण्यापासून दूध पाजण्यापर्यंत शिकवून मुलाच्या शुश्रूषेत घ्यायचे आहे. सगळ्या सरकारी विभागांत हे पाळले जाते असा आमचा दावा नाही. पण तिथे निदान बोट ठेवायला कागद आहे. आम्ही मात्र काचेबाहेर उभे राहण्याचे रोज साडेसहा हजार भरत होतो.

आता घराच्या उंबऱ्याकडे वळू. इथे भांडण अधिक अवघड, कारण समोर आपलीच माणसे आहेत आणि त्यांचे प्रेमही खरे आहे.

पहिल्याच दिवशी फुप्पी म्हणाल्या, “सतवासा है ना? जी जाता. अठवासा रैता तो मुश्किल था.” सातव्या महिन्याचे मूल जगते, आठव्याचे जगत नाही, ही समजूत आपल्याकडे आणि शेजारच्या हिंदू घरांतही पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती साफ खोटी आहे. पोटातला प्रत्येक जादा आठवडा मुलाची फुप्फुसे आणि मेंदू बळकट करतो. आठव्या महिन्यातल्या मुलाची जगण्याची शक्यता सातव्यापेक्षा जास्तच असते. वरवर निरुपद्रवी वाटणारी ही म्हण दोन्हीकडून मारते. सातव्यातल्या मुलाचे घरवाले निर्धास्त होतात आणि आठव्यातल्या मुलाचे घरवाले आधीच हात टेकतात.

मग दोषाची वाटणी सुरू झाली. ग्रहणात बाहेर पडली असेल, जड उचलले असेल, नोकरीच्या हट्टापायी बसमधून हेलपाटे मारले, नजर लागली. यातला प्रत्येक बाण आईच्याच दिशेने. २०२० साली जगात अंदाजे १ कोटी ३४ लाख मुले दिवस भरण्याआधी जन्मली, त्यातली ३० लाखांहून अधिक एकट्या भारतात. या साऱ्या आयांनी जड उचलले होते काय? रक्तदाब, जंतुसंसर्ग, जुळे, रक्तक्षय, दोन बाळंतपणांत कमी अंतर अशी कारणे असतात आणि कित्येकदा डॉक्टरांनाही कारण सापडत नाही. पण ज्या बाईला आपणच गुन्हेगार आहोत असे पटवून दिले, ती कोणत्या तोंडाने दवाखान्याच्या दारात आपला हक्क मागेल?

आणि मग आला चिल्ला. बाळंतिणीने चाळीस दिवस घराबाहेर पडायचे नाही. टाके ओले, अंग कच्चे, शिवाय नापाकी. मूल पेटीत आहे, तिथे डॉक्टर आहेत, तू जाऊन काय करणार? सातव्या दिवशी दवाखान्याने आईला घरी सोडले आणि मूल तिथेच राहिले. त्यानंतरचे चार दिवस आमच्या घरात जे रणकंदन झाले ते लिहिण्यासारखे नाही. विश्रांतीचा मुद्दा आम्हाला मान्य आहे, बाळंतिणीला विश्रांती हवीच. पण ती मुलाजवळच्या खाटेवरही घेता येते. आमचा आक्षेप आहे तो मज्‌हबचे नाव पुढे करण्याला.

शरीयत काय म्हणते? बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाच्या काळाला निफास म्हणतात. हनफी मसलकात त्याची जास्तीत जास्त मुदत चाळीस दिवस आणि आमच्या कोकणातल्या माहेरच्या शाफई मसलकात साठ. ही कमाल मुदत आहे. किमान मुदत कुणीच ठरवलेली नाही, स्राव थांबला की गुसल करून बाई नमाजला उभी राहू शकते. त्या काळात नमाज माफ, रोजे नंतर भरून काढायचे, पतीशी संबंध नाही. या यादीत आपल्या मुलाला छातीशी धरू नये असे कुठे लिहिले आहे? दूध पाजू नये असे कुठे आहे? मोहल्ल्यातल्या मौलानांना आम्ही हेच विचारले. ते म्हणाले, “मां अपने बच्चे के लिए कब नापाक हुई?” दहा वर्षे त्यांच्याकडे तावीज मागायला जाणाऱ्या आपल्या बायकांनी हा प्रश्न त्यांना कधी विचारलाच नव्हता.

इथे एक हिशेब आठवावा. सूरह अहकाफमध्ये गर्भ आणि दूध तोडणे मिळून तीस महिन्यांचा काळ सांगितला आहे आणि सूरह बकरामध्ये दुधाची पूर्ण मुदत दोन वर्षांची. तीसातून चोवीस वजा जाता सहा उरतात. यावरून आपल्या फकीहांनी गर्भाची कमीत कमी मुदत सहा महिने मानली. अपुऱ्या दिवसांचे मूल त्यांच्या दृष्टीने संशयाचा विषय राहिले नाही. त्याला नसब मिळाले, वारसा मिळाला, कुटुंबात पूर्ण जागा मिळाली. तेराशे वर्षांपूर्वीच्या फकीहांना हे मूल पूर्ण माणूस वाटले, आणि आपण ते जगले-वाचले तर बघू म्हणून त्याचे नाव ठेवायलाही कचरतो!

चिल्ल्याचा सर्वांत मोठा फटका दुधाला बसतो. साधारण चौतिसाव्या आठवड्यापर्यंत मुलाला चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ जमत नाही, म्हणून आईचे काढलेले दूध नळीने पोटात सोडतात. हे दूध त्याला आतड्याच्या एका जीवघेण्या आजारापासून वाचवते. पण आईला ते दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, काढावे लागते. मूल जवळ असेल, त्याचा वास नि स्पर्श असेल तर दूध उतरते. घरात बंद करून ठेवलेल्या, रडणाऱ्या आईचे ते आटते. आमच्याही घरी अकराव्या दिवशी वाटीचा तळ झाकेल इतकेच दूध निघाले. दवाखान्याने पावडरीचा डबा लिहून दिला. अशा वेळी कुणी दूध-पेढीचे नाव काढले तर मात्र आपल्याला एकदम दीन आठवतो.

दूध-पेढीचा प्रश्न खरोखर नाजूक आहे. आशियातली पहिली दूध-पेढी १९८९ मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी मुंबईच्या शीव रुग्णालयात सुरू केली. तिथे दान केलेले दूध निर्जंतुक करून गरजू मुलांना देतात. आपल्याकडे दुधाने नाते जुळते. हनफींच्या मते एकदा पाजले तरी जुळते, शाफईंच्या मते पाच वेळा पाजल्यावर. अनेक आयांचे दूध एकत्र झाले तर उद्या कोण कुणाचा दूधभाऊ हे कळणार कसे, ही शंका रास्त आहे. १९८५ मध्ये जेद्दाहच्या फिकह अकादमीने अशा पेढ्यांना नकार दिला. त्याआधी १९८३ मध्ये युसुफ अल-करजावी यांनी परवानगीच्या बाजूने मत दिले होते. २०२४ मध्ये कराचीत पेढी उघडली, आधी अटींवर मान्यता मिळाली, मग दारुल उलूम कराचीचा सुधारित फतवा आला आणि ती थांबली. म्हणजे आलिमांतही एकमत नाही. मार्ग निघू शकतो. दूध मिसळू नये, देणारीचे नाव लिहून ठेवावे, दोन्ही घरांना ते कळवावे. ज्या उम्मतच्या पैगंबरांना हलीमा सादिया यांनी दूध पाजले, तिने दुसरीच्या दुधाला घाबरण्यापेक्षा त्याची नोंद ठेवायला शिकावे.

पण आमचा मूळ मुद्दा याच्याही अलीकडचा आहे. आईला मुलाजवळ जाऊ दिले असते तर बहुतेक घरांत परक्या दुधाचा प्रश्नच उभा राहिला नसता. दवाखान्याने दार बंद केले, घराने उंबरा बंद केला, दूध आटले, आणि आता आपण रजाअतच्या मसाइलवर वाद घालत बसतो.

बापाबद्दल तर बोलायलाच नको. आमच्या मुलीच्या कानात अजान दिली गेली ती दुसऱ्या दिवशी, अकराच्या भेटीत, मास्कमधून, पेटीच्या गोल झरोक्याशी वाकून. मागे नर्सबाई घड्याळ बघत होत्या. अजान झाली नि वडीलधाऱ्यांच्या लेखी बापाचे काम संपले. यापुढे त्याने बिले भरायची, औषधे आणायची आणि ‘अकीका कधी?’ या प्रश्नाला उत्तरे द्यायची. मूल नळीने श्वास घेत असताना सातव्या दिवशी हा प्रश्न आम्हाला चौदा जणांनी विचारला. मूल छातीवर घ्यायला बापही चालतो, दादीही चालते, छातीची ऊब सर्वांना सारखीच दिलेली आहे, हे मात्र एकानेही सांगितले नाही. रात्री त्या व्हरांड्यात सात-आठ बाप बाकावर बसून असत. कुणी काही विचारत नसे. विचारले तर “सब्र करो” असे उत्तर मिळे. सब्र या शब्दाचाही आपण बाकडाच करून टाकला आहे, त्यावर नुसते बसून राहायला. त्यातल्या एकाने सह्या केलेले कागद आमच्यापुढे धरले आणि विचारले, “यामें क्या लिख्या है, मॅडम?” कागद इंग्रजीत होते. त्याला उर्दू वाचता येत होते.

विसाव्या दिवशी आमच्यासाठी दार उघडले ते एका नर्सबाईंमुळे. त्यांनी आधी सरकारी नवजात विभागात नोकरी केली होती. त्या डॉक्टरांशी बोलल्या. दोन खुर्च्या, एक पडदा, पुढून उघडणारा कुर्ता, एवढ्यावर भागले. बेपर्दगीची जी चिंता घरात चार दिवस चालली होती ती एका पडद्याने मिटली. पहिल्या तासात मुलीच्या श्वासाचा आकडा यंत्रावर स्थिरावताना आम्ही पाहिला. आठवड्याभरात दूध परत आले. चौतिसाव्या दिवशी एक किलो आठशे वीस ग्रॅमची मुलगी घेऊन आम्ही घरी आलो. घरी दादीनेही रोज दुपारी तिला छातीवर घेतले. नजर लागली होती हे त्यांचे मत आजही कायम आहे. पण दुपारची पाळी त्यांनी एकदाही चुकवली नाही.

तेव्हा आता मागण्या. दवाखान्यांनी ‘नातेवाईक’ ही पाटी काढावी आणि आई-बापांसाठी वेगळा नियम करावा. हात धुण्याची सोय, दोन खुर्च्या आणि पडदा यांना कोट्यवधी लागत नाहीत. सह्यांचे कागद माणसाला वाचता येईल अशा भाषेत, गरज असेल तिथे उर्दूतही, द्यावेत. आपल्या जमातींनी जकातीच्या पैशातून गरजू आयांच्या दवाखान्याजवळ राहण्याची सोय करावी. खुतब्यात वर्षातून एकदा तरी निफास आणि चिल्ला यांतला फरक सांगावा. आलिम आणि बालरोगतज्ज्ञ यांनी दुधाच्या प्रश्नावर एकत्र बसावे. आणि अशा मुलाच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर महिन्याभरात तपासून घ्यायचा असतो, नाहीतर जगलेले मूल आंधळे होऊ शकते, हे घरातल्या प्रत्येक शिकलेल्या माणसाने लक्षात ठेवावे. चिल्ल्याच्या नावाखाली ही तारीखही हुकते.

वाचकहो, ही मोठी क्रांती नाही. यापुढे तुमच्या बिरादरीत कुणाच्या घरी अपुऱ्या दिवसांचे मूल जन्मले आणि तुम्ही डबा घेऊन त्या व्हरांड्यात गेलात, तर अकीका कधी, नजर कुणाची लागली, सतवासा की अठवासा, हे विचारू नका. एकच विचारा, “आईला आत जाऊ देतात का?” उत्तर नाही असे आले, तर डबा बाकावर ठेवा आणि त्यांच्याबरोबर त्या दाराशी उभे राहा.